कापसातली लांडोर

आमच्या घरात साखर संपायची, रॉकेल संपायचं, कागद मात्र कधी संपला नाही. बाबा सेनगावच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळी लावायच्या, हे त्यांचं काम. छापताना वाकडी निघालेली, शाई फुटलेली पत्रकं ते सायकलच्या मागं बांधून घरी आणायचे. गुलाबी, पोपटी, पिवळी, पातळ कागदाची. धान्याच्या डब्यांच्या तळाशी पत्रकं, भिंतीच्या पोपड्यांवर पत्रकं, बाबांच्या भाकरीभोवती पत्रक. मी मुळाक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळं मला वाचता यायला लागलं तेव्हा जगातलं सगळं लिखाण ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ असंच सुरू होतं अशी माझी समजूत होती. हुंडा घेऊ नका. भगताकडं जाऊ नका, दवाखान्यात जा. निंदणाऱ्या बाईला पुरी मजुरी द्या. यातली काही पत्रकं बाबा स्वतः लिहायचे आणि बाजारच्या दिवशी भाजीच्या रांगेत उभं राहून वाटायचे. त्यांनी माझं नाव क्रांती ठेवलं. गावाच्या जिभेला ते पेललं नाही, गावानं माझी कांती केली. आजही मी लिहायला बसले की पहिलं वाक्य हाळी दिल्यासारखं येतं. बऱ्याचदा ते खोडावं लागतं, आणि खोडताना दरवेळी थोडा राग येतो.

आई या सगळ्या कागदाकडं सरपण म्हणून बघायची. बाबा छापखान्यात, त्यामुळं शेत तिच्याच अंगावर होतं. बंजाऱ्यांच्या तांड्याला लागून आमचा एक पट्टा होता, अर्ध्यात सोयाबीन, अर्ध्यात कापूस, मधून तुरीच्या ओळी. पलीकडं ओढा, ओढ्याच्या काठानं बाभळी, आणि बाभळीत मोर. पहाटे भाकरी थापल्याचा आवाज आणि मोरांचं ओरडणं एकाच वेळी सुरू व्हायचं. माझ्या डोक्यात ते दोन्ही आवाज इतके मिसळून गेलेत की शहरातल्या स्वयंपाकघरात नुसती भाकरीची थाप ऐकली तरी मला लांबून कुणीतरी उत्तर देईल असं वाटतं. न्याहारीला जवसाची चटणी नाहीतर ओल्या तुरीच्या सोल्याची आमटी. दुपारी शेतात शेवंती यायची. ती तांड्याच्या नायकाची नात, माझ्याच वयाची, माझ्याहून काटक आणि जिभेनं माझ्याहून तिखट. तिच्या घरून लापशी यायची, आमच्याकडून ठेचा जायचा.

आमच्या भागात एक रीत होती, आणि गाव असो की तांडा, ती सारखीच पाळली जायची. निंदताना कुण्या बाईला लांडोरीची अंडी दिसली, की ती आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून काडीला बांधायची आणि तिथं रोवायची. त्या चिंधीभोवतीचा तुकडा मग निंदायचा नाही, कापायचा नाही, बैलांचा डवरा तिथून वळवून न्यायचा. त्याला ‘लांडोरीचा वाटा’ म्हणत. अंड्यांकडं बोट दाखवलं तर ती नासतात, असंही म्हणत. एका वर्षी आईला आमच्याच सोयाबीनमध्ये अंडी सापडली. मी बाबांची पोरगी, म्हणून मुद्दाम बोट दाखवलं. आईनं त्याच बोटावर खुरप्याची मूठ हाणली. “तुझ्या बापाच्या कागदावर लिहिलेलं न्हाई म्हणून खोटं आसंल. पण पाखराला काय ठावं तू शिकलेली हाईस? भेऊन उठंल ना ते.”

अंडी नासली नाहीत. पिल्लं निघाली ती धूळमातीच्या रंगाची, पाठीवर तपकिरी पट्टे असलेली, पण त्यात दोन निराळी होती. दुधात चिमूटभर हळद पडावी तशी फिकी. लांडोर पुढं चालायची, सोयाबीनच्या सावलीत तिची पिल्लं दिसेनाशी व्हायची, आणि ही दोन मात्र उजेडाचे तुकडे गळून पडल्यासारखी मागून घरंगळत यायची. आम्ही दोघी बांधावर पालथ्या पडून बघत राहायचो. सोयाबीन पिवळं पडलं, वाळलं, आईनं चिंधीभोवतीचा तुकडा सोडून बाकीचं कापलं, आणि थंडी आली तेव्हा पिल्लं कोंबडीएवढी झाली होती. भुरकी ती भुरकी. फिकी मात्र पांढरी. धुकं असलेल्या सकाळी ओढ्याच्या काठी ती चरताना दिसली, की धुक्यालाच पाय फुटलेत असं वाटायचं.

ती नेमकी कशी पांढरी आहेत हा प्रश्न मला बाबांमुळं पडला. छापखान्यात पावत्या छापायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना बाबांनी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोळे बघा. डोळे गुलाबी असतील तर अंगात रंगच नाही. डोळे काळे असतील तर रंग आहे, पिसांत उतरलेला नाही, किंवा अजून उतरायचा आहे. काही मोर कबरे असतात, काही जन्मभर पांढरे, आणि काहींची पिल्लं पांढरी दिसतात पण नर मोठा होताना खांद्याशी काळा पडत जातो. लहानपणी सगळी सारखीच दिसतात, तेव्हा छातीठोक काही बोलू नका. आम्ही डोळे बघायचं ठरवलं. शेवंतीनं ज्वारी टाकली आणि आम्ही तुरीच्या ओळीत श्वास रोखून बसलो. फिकं पाखरू अगदी जवळ आलं, मान वाकडी करून त्यानं आमच्याकडं बघितलं. डोळा काळा होता, पाणी भरलेल्या बारक्या विहिरीसारखा. “काळा,” मी म्हणाले. “मग लई दीस पांढरा न्हाई राहायचा,” शेवंती म्हणाली. मी म्हटलं, तसं सांगता येत नाही. ती म्हणाली, “तुला तर काईच सांगता येत न्हाई, कागदावर आल्याबिगर.”

कागदावर ते आलंच. शेजारच्या गावात देवीचं देऊळ होतं आणि एक गुत्तेदार त्या देवळाचा कारभार बघायचा. रस्त्यांची, बंधाऱ्यांची कामं घेणारा, पांढऱ्या कपड्यातला, हसऱ्या तोंडाचा माणूस. पांढरा मोर म्हणजे खुद्द शारदेचं वाहन, ते आपल्या देवळात पाहिजे, असं त्यानं बोलून दाखवलं. मोर पकडणं गुन्हा आहे हे त्याला कुणी सांगितलं, तर तो म्हणाला, पकडून कोण राहिलंय, आपण तर सांभाळणार. मी पेटले. एका बैठकीत पत्रक लिहिलं. मोर पांढरा असणं हा चमत्कार नसून निसर्ग आहे, रानातलं पाखरू रानातच राहू द्या, असा त्याचा मथितार्थ. बाबांनी जुळवलं. वर एखादं चित्र पाहिजे म्हणून त्यांनी लग्नपत्रिकांसाठी वापरायचा मोराचा ठसा लावला. पिसारा पुरा फुललेला, डोक्यावर तुरा, पायाशी वेलबुट्टी. बाजारात ते पत्रक हां हां म्हणता संपलं. आम्ही खूष. आठवडाभरानं आई एका घरी विरजण आणायला गेली आणि परत येऊन चुलीशी बसून नुसती हसत सुटली. त्या घरातल्या देव्हाऱ्यात आमचं पत्रक चिकटवलेलं होतं. ठशातल्या मोराला हळदकुंकू लावलेलं, आणि ‘चमत्कार नसून’ या शब्दांवर उदबत्तीची राख पडलेली. मग दुसऱ्या घरी दिसलं. मग तिसऱ्या. ज्या वाड्यावस्त्यांना मोराची खबर नव्हती त्यांना ती आमच्यामुळं लागली, आणि माणसं जीप करून आमच्या बांधावर दर्शनाला यायला लागली. बाबांनी कपाळाला हात लावला, आणि मग तेही हसले. “खाली मजकूर होता ना,” ते म्हणत राहिले. “खाली एवढा मजकूर होता.”

पुढच्या पावसाळ्यात पिकं वर आली आणि पाखरं त्यांच्यात बुडाली. नुसते आवाज यायचे. दर्शनाला येणारी माणसं चिखल तुडवून परत जायची. तिकडं देवळाशेजारी पिंजरा उभा राहत होता. खाली फरशी, चारी बाजूंनी जाळी, वर पत्रा आणि पत्र्यावर कळस. पुनवेच्या यात्रेआधी मोर आत पाहिजे, असं गुत्तेदारानं जाहीर केलं होतं. पाखरं धरणारा माणूस वारंगा फाट्याकडून येणार होता, जाळं घेऊन. आता हे सगळं आठवताना मला तो पिंजरा फार मोठा दिसतो. तो तसा नसणार. पण तेव्हा आम्ही शाळेतून येताना वाट वाकडी करून तो बघायला जायचो आणि शेवंती जाळीला कपाळ टेकून म्हणायची, “पिसारा फुलवला तर दोन्हीकडून जाळी लागंल की गं.”

मग कापूस फुटला. बोंडं उकलली, सगळा पट्टा पांढरा झाला, आणि वेचणी करताना एका सकाळी ती दोन्ही आम्हाला पुन्हा दिसली. आम्ही दोघी कमरेला ओटी बांधून उभ्याच राहिलो. एकाची मान निळी झाली होती. नुसती मान नव्हे, पंखांचा वरचा भाग, खांदे, तिथं पांढऱ्यातून काळे फराटे उतरले होते, ओल्या भिंतीतून पाणी वर चढावं तसे. दुसरं मात्र तसंच होतं, दुधट, अंगावर तीळ शिंपडल्यासारखे ठिपके, मानेला जरासा तांबूस हिरवा रंग. ते कापसाच्या ओळीत शिरलं आणि आमच्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं. तेव्हा आम्हाला कळलं. दोन्ही एकाच जातीची होती, काळ्या खांद्याची. नर होता तो रंगत चालला होता, मादी होती ती तशीच फिकी राहणार होती. आम्ही वर्षभर दोन पांढरी पाखरं म्हणून बघत होतो, आणि त्यातला एक मोर निघाला, एक लांडोर.

शेवंतीनं हे तिच्या आजाला सांगितलं. नायक दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या घरी आला. उंच माणूस, डोक्याला लाल फेटा, बोलणं सावकाश. तो ओट्यावर बसला, चहा घेतला आणि बाबांना म्हणाला, “छाप एक कागद. देवी कोपली. पिंजरा बांधला म्हून मोर काळा पडून राहिला. येवढं छाप. गुत्तेदार मोराला हात लावायचा न्हाई.”

बाबांनी माझ्याकडं बघितलं. पत्रक आता माझं होतं, हे त्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

“हे खोटं हाय, नायक आजा,” मी म्हणाले.

“व्हय, खोटंच हाय. पण कामाचं हाय.”

“वर्षभर आमी लोकाला सांगून राहिलो का मोराचा अन् देवीचा संबंध न्हाई. आता आमीच लिहायचं का देवी कोपली?”

“म्हंजे पाखरू पिंजऱ्यात मेलं तरी चालंल, पण तुझा कागद खरा पाहिजे. आसंच ना, पोरी?”

मी आईकडं बघितलं, ती तव्याकडं बघत होती. “आसंच न्हाई,” मी म्हणाले. “पण छापणार न्हाई.” नायक उठला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. शेवंती अंगणातच उभी होती. “तुझ्यापेक्षा तो गुत्तेदार बरा,” ती म्हणाली. “त्याला निदान मोर पाहिजे.” आणि तीही गेली. त्यानंतर ती वेचणीला आली तर माझ्या ओळीपासून लांबची ओळ धरायची. लापशी आली नाही, ठेचा गेला नाही.

मला आजही वाटतं की मी बरोबर होते. पण नुसतं बरोबर असून जाळंवाला थांबणार नव्हता. शेवटी एके दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट देवळाकडं गेले. गुत्तेदार खुर्ची टाकून बसला होता, गवंडी कळसाला रंग देत होता.

“काका,” मी म्हणाले, “तुमचा मोर पांढरा न्हाई राहिला.”

“कोण गं तू?”

“कांती. छापखान्यावाल्यांची.”

“हां, म्हंजे चमत्कार नसून निसर्गवाली!” तो खदखदून हसला. गवंडीही हसला. “तुझ्या त्या कागदानं लई काम केलं बघ आमचं. आता काय नवीन काढलं?”

“काही न्हाई काढलं. उद्या सकाळी येऊन बघा. जाळंवाल्याला सांगायच्या आधी एकदा सोताच्या डोळ्यानं बघा.”

तो हसायचा थांबला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या त्या माणसाला एवढ्या महिन्यांत एकदाही आमच्या बांधावर चिखलात यावंसं वाटलं नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. त्यानं पाहिला होता तो मोर आमच्याच पत्रकावरचा होता. “येतो,” तो म्हणाला.

सकाळी धुकं होतं. कापसावर दहिवर साचलं होतं आणि बोंडं जड होऊन खाली झुकली होती. गुत्तेदार चप्पल हातात धरून बांधावरून आला. त्याच्या मागून, काही अंतर राखून, शेवंती आली. मी तिला बोलावलं नव्हतं. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली, पण माझ्याकडं न बघता. मी ज्वारी टाकली. ऊन वर आलं, धुकं ओढ्याकडं सरकायला लागलं, आणि बाभळीखालून तो मोर मोकळ्यात आला. निळी मान, काळे फराटे, मधूनमधून उरलेली मळकट पांढरी पिसं. पोतराजानं तोंडाचा रंग अर्धाच पुसावा तसं ते रूप. मला तो तेव्हाइतका सुंदर कधीच दिसला नाही.

गुत्तेदार बघत राहिला. “ह्यो?”

“ह्योच.”

“ह्यो तर भुरकट हाय. काहून आसा झाला?”

मी त्याला सांगितलं. डोळ्यांचं, खांद्याचं, पुढच्या वर्षी तो आणखी काळा होईल तेही. तो ऐकत होता की नाही कुणास ठाऊक. त्याच्या तोंडावर फसवलं गेल्याचा राग होता, जणू मोरानं त्याला शब्द दिला होता. मग अचानक तो वळला. “लोक तर म्हणत होते दोन हायत. दुसरा कुठं हाय? दुसरा पांढराच हाय का?”

शेवंतीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. असा की मांस उपटून यावं. पाच-सात ओळी पलीकडं, कापसात, लांडोर उभी होती. मला ती दिसत होती, कारण कुठं बघायचं ते मला ठाऊक होतं. पांढऱ्यात पांढरी, फक्त डोळा काळा. मी नुसतं ‘न्हाई’ म्हटलं असतं तर संपलं असतं. मी माझ्या आयुष्यात पुढं बरीच भाषणं केली, मोर्च्यांपुढं उभी राहिले, पण एका शब्दाचं इतकं ओझं पुन्हा कधी वाटलं नाही.

“हाय,” मी म्हणाले. “पांढरीच हाय, अन् पांढरीच राहणार. लांडोर हाय ती.”

“लांडोर?” गुत्तेदार म्हणाला.

“व्हय.”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच त्याची थट्टा करते आहे. “लांडोर घेऊन काय करू? पिसारा हाय का तिला? देवीम्होरं काय नुसती कोंबडी ठेवू?” त्यानं बांधावर पाय आपटून चिखल झटकला. “सकाळ खराब केली,” तो म्हणाला, आणि निघाला. ज्या ओळीत ती उभी होती तिच्याच शेजारून तो गेला. त्याच्या धोतराचा वारा लागून बोंडं हलली. तिनं मान वळवून त्याला जाताना पाहिलं. त्यानं पाहिलं नाही.

तो ओढा ओलांडेपर्यंत आम्ही दम धरला. मग शेवंती मटकन खाली बसली आणि हसायला लागली, आणि मीही. “देवीम्होरं कोंबडी!” ती पुन्हापुन्हा म्हणत होती. हसता हसता आम्ही ओल्या कापसात लोळलो, केसांत सरकी अडकली, डोळ्यांतून पाणी आलं. नंतर ती उठून बसली. “तू सांगितलंस,” ती म्हणाली. “मी चिमटा काढला तरी सांगितलंस.” मी माझा दंड दाखवला. तिथं निळं पडलं होतं. ती त्यावर फुंकर घालत म्हणाली, “लांडोर हाय म्हून वाचली. मोर आसती तर तुझ्या खऱ्यानं मेली आसती.” ती रागानं म्हणाली नव्हती, आणि म्हणूनच ते मी विसरले नाही.

जाळंवाला आला नाही. पिंजऱ्यात पुढं यात्रेचे भोंगे आणि मांडवाचे बांबू ठेवू लागले. गावानं आपल्या परीनं गोष्ट जुळवलीच. कुणाची तरी दृष्ट लागली आणि मोर काळा पडला. बाबांनी त्यावर पत्रक लिहायला घेतलं होतं. आईनं ते मागच्या बाजूनं वापरून त्यावर पापड वाळत घातले.

मोर वाढला. खांदे डांबरासारखे काळे, पिसारा बाभळीच्या फांदीवरून खाली लोंबणारा. त्याला बघायला आता कुणी येत नव्हतं, त्याच्यासारखे तर कितीतरी होते, असंच लोकांना वाटायचं. फरक कळायला जवळ जावं लागत होतं.

आणि पुढच्या पावसाळ्यात, सोयाबीन गुडघ्याएवढं असताना, निंदणाऱ्या बायकांची ओळ आमच्या पट्ट्यातून पुढं सरकत होती. मी सुट्टी म्हणून शेतात होते. आई एकदम थांबली. तिनं लुगड्याचा पदर दातात धरला, टर्रकन चिंधी फाडली आणि मला हळूच हाक मारली. “कांते. इकडं ये. बोट दाखवू नको.” हिरव्यागार सोयाबीनमध्ये ती बसली होती. कापसात नाहीशी होणारी लांडोर इथं लपू शकत नव्हती. हिरव्यावर ती दिव्यासारखी लांबून दिसत होती, आणि तिलाही ते ठाऊक असावं, कारण ती पापणीसुद्धा हलवत नव्हती. आईनं काडी रोवली. बायकांची ओळ तिथं आली, दोन भाग होऊन तिच्या दोन्ही बाजूंनी गेली आणि पुढं पुन्हा एक झाली. गावातल्या बायका होत्या, तांड्यातल्या होत्या. त्यांतल्या काहींच्या देव्हाऱ्यात आमचं पत्रक अजून होतं. प्रत्येकीनं तिला पाहिलं. संध्याकाळी त्या घरी गेल्या, भाकरी थापल्या, आणि एकीनंही गावात सांगितलं नाही.

तिच्याबद्दल मी पत्रक काढलं नाही. तिच्याविषयी कागदावर आलेलं हे पहिलंच.